पाण्याला ताप आलाय!

माती न वापरता बाल्कनीत भाजी पिकवायची, हा आपल्या पिढीचा नवा फंडा. आधी जिमची मेंबरशिप, मग गिटारचा क्लास आणि आता हायड्रोपोनिक्स! फरक इतकाच, की गिटार कोपऱ्यात धूळ खात पडली तरी मरत नाही. लेट्यूस मरतं.

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं हेच झालं. पीव्हीसी पाइपमध्ये चाळीस रोपं, खाली टाकी, छोटासा पंप. मार्चपर्यंत सगळं झकास. बिल्डिंगमधली तीन-चार घरं चक्क पैसे देऊन पानं न्यायला लागली होती. एप्रिलमध्ये मुळं तपकिरी, बुळबुळीत... अख्खी बॅच कचऱ्यात. ही बया सकाळी आठला ऑफिसला निघते, रात्री आठला उगवते. मधल्या बारा तासांत टाकीत काय चालतं, कोणाला ठाऊक? 'अजून एक बॅच गेली की पाइप भंगारवाल्याला!' तिनं जाहीर करून टाकलं.

रेडिमेड मॉनिटरच्या किमती बघून आम्ही दोघींनी सरळ तापकीर गल्ली गाठली. वायफाय आतच असलेला ईएसपी३२ बोर्ड, डीएस१८बी२० हा वॉटरप्रूफ तापमान सेन्सर (त्याला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो, विसरू नका), टीडीएसचं मॉड्यूल आणि पाणी खाली गेलं की सांगणारा फ्लोट स्विच. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. वायफाय चालू असताना या बोर्डच्या काही अॅनॉलॉग पिना रुसून बसतात, म्हणून टीडीएसची वायर ३२ ते ३९ मधल्याच पिनला.

पीएचचा सेन्सर मात्र मुद्दाम घेतला नाही. तो प्रोब म्हणजे नव्या जावयासारखा, कायम सरबराई हवी. सुकता कामा नये, ठरावीक पीएचच्या द्रावणात पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करायचा. त्यापेक्षा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं थेंबांचं किट आठवड्यातून दोनदा बास झालं. साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये रंग आला की लेट्यूस खूश.

खरी गंमत टीडीएसची. हा सेन्सर खत मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतो आणि त्यावरून आकडा ठोकतो. पाणी एका अंशानं तापलं की हा आकडा साधारण २ टक्के फुगतो. म्हणजे सकाळी २४ अंश, दुपारी ३४ असेल तर तेच खत २० टक्के जास्त दिसणार! तुम्ही घाबरून साधं पाणी ओतणार आणि रोपं उपाशी. म्हणून तापमानाचं गणित कोडमध्ये घालायलाच हवं. आणि टँकरचं पाणी असेल तर खत टाकण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. त्यात क्षारांचा वाटा मोठा असतो.

तापमान सेन्सरची परीक्षा सोपी आहे. ग्लासभर बर्फ आणि थोडं पाणी ढवळून त्यात बुडवायचा. शून्याच्या आसपास आला की पास. बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे, तेव्हा एवढं कराच.

दर दहा मिनिटांनी रीडिंग फोनवर यायला लागलं. तिसऱ्या दिवशी ग्राफ बघितला आणि दोघी गप्पच. दुपारी चार वाजता पाणी ३३ अंश! २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. मुळांना श्वास पुरेना, वर कुजवणाऱ्या बुरशीला आयतं आमंत्रण. खत, बियाणं, पंप... बिचाऱ्या सगळ्यांवर उगाच संशय घेतला गेला होता.

इलाज इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला नव्हताच. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवली, थर्माकोलच्या खोक्यात बसवली, वर ओलं पोतं. दुपारचा आकडा २८ वर उतरला. पण लेट्यूसला पंचविशीच्या वरचं पाणी सोसत नाही, त्यामुळे एप्रिल-मे त्याला सुट्टी, हे मैत्रिणीनं मान्य केलं. सध्या पाइपमध्ये बेसिल आहे, त्याला ऊन चालतं. पाइप काही भंगारात गेले नाहीत. फक्त समोरच्या काकूंना, हा आपला सब्जाच हो, असं पटवावं लागलं. आता त्या चटणीसाठी जुडी मागतात आणि भाव करतात!