निशाण उतरल्यानंतर

कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथे उत्तर तीरावर रेवदंड्याचा ढासळलेला कोट आणि दक्षिण तीरावर, समुद्रात सोंडेसारख्या शिरलेल्या डोंगराच्या पायथ्याशी, कोर्लई हे गाव आहे. तेथील कॅथलिक वस्ती, संख्येने हजाराच्या आतबाहेर, माउंट कार्मेल मातेच्या देवळात उपासना करते, आणि घरी जी बोली बोलते तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणते. या लहानशा वस्तीविषयी, आणि तिच्या निमित्ताने सबंध कोकणपट्टीतील कॅथलिक समाजाविषयी, आपल्या सुशिक्षित वर्गात जे मत रूढ होऊन बसले आहे, ते मला असत्य व अन्यायकारक वाटते. म्हणून ते प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडून मग त्याचा परामर्श घेणे मी कर्तव्य समजतो.

पूर्वपक्ष असा : पोर्तुगीज या किनाऱ्यावर व्यापाराच्या मिषाने आले, १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी चौलास, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, कोट बांधावयास घेतला, १५९४ साली कोर्लईचा डोंगरही त्याच निजामशाहीकडून हिसकावला, आणि तोफांच्या छायेत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन पाद्र्यांनी आपापले मठ उभारले. अतएव येथील कॅथलिक धर्म हे परकीय राजसत्तेचे अपत्य होय. ज्यांनी तो स्वीकारला ते देशाला, भाषेला व पूर्वजांना पारखे झाले. आणि कोर्लईच्या घराघरांतून ऐकू येणारी ती पोर्तुगीज धाटणीची बोली हाच त्या परकेपणाचा सज्जड पुरावा होय.

यातील सत्यांश नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोर्तुगीज मुलखात देवळे पाडली गेली. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशनचे न्यायासन, मधला थोडा खंड वगळता, १८१२ पर्यंत टिकले. आणि १६८४ साली तर रयतेने तीन वर्षांच्या आत आपली बोली टाकून पोर्तुगीज भाषा धरावी, असा हुकूम निघाला. ज्या धर्माचा संस्थापक स्वतः एका राजसत्तेच्या हुकमाने क्रूसावर चढला, त्या धर्माच्या नावाने हे व्हावे, ही त्या धर्माच्या अनुयायांनीही लाजेने मान खाली घालावी अशी गोष्ट आहे. परंतु या न्यायासनापुढे आरोपी म्हणून मुख्यत्वे कोण उभे राहत असे, हा प्रश्न आक्षेपक कधी विचारीत नाहीत. बाप्तिस्मा घेऊनही ज्यांच्या दारातली तुळस गेली नाही, ज्यांच्या लग्नातील जुनी गाणी व जुने विधी सुटले नाहीत, असे नवख्रिस्तीच मोठ्या संख्येने त्या पिंजऱ्यात उभे राहिले. आणि १७३६ साली, म्हणजे धर्मांतरास दोन शतके उलटत आल्यावरही, असल्या चालीरीतींवर बंदी घालणारे लांबलचक फर्मान काढावे लागले, याचा अर्थ इतकाच की त्या चालीरीती तोवर जिवंत होत्या. तेव्हा आजचा कॅथलिक शेतकरी हा वारसाने फिर्यादी ठरत नाही, आरोपी ठरतो. आणि ज्या जुलमाचा मोठा भार त्याच्या पूर्वजांनी वाहिला, त्याच जुलमाचा जाब त्याला विचारणे हा न्यायाचा विपर्यास होय.

आता राजसत्तेच्या अपत्याविषयी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि पुढल्याच वर्षीच्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांच्या अंमलाखाली आली. उत्तर कोकणातील चर्चांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या. भीमाशंकर, मेणवली, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ येथे त्या आजही पाहावयास मिळतात. ज्यांच्यापाशी पैका, हुद्दा व जहाजात जागा मिळण्याइतके वजन होते ते गोव्यास निघून गेले. ज्यांच्यापाशी केवळ दोन हात व कसण्यापुरती जमीन होती ते मागे राहिले. राजा गेला, शिबंदी गेली, धर्मांतराचा मोबदला म्हणून मिळणारी प्रत्येक सवलत गेली, आणि परत फिरण्यास कोणाची आडकाठीही उरली नाही. पूर्वपक्ष खरा असता, तर कॅथलिक धर्म या किनाऱ्यावरून एका पिढीत पुसला जावयास हवा होता. प्रत्यक्षात काय घडले? चौलावर पोर्तुगीज निशाण २१९ वर्षे फडकले; ते उतरल्याला आज २८० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. पेशव्यांचा अंमल आला, मग प्रॉटेस्टंट इंग्रजांचा आला, मग स्वराज्य आले. आणि या तिन्ही राजवटींत, कोणत्याही राजाच्या आश्रयावाचून, कोर्लईच्या लोकांनी आपला धर्म राखला. जो धर्म परक्या सत्तेखाली जितका काळ होता त्याहून अधिक काळ तिच्यावाचून जगला, त्याला सत्तेचे अपत्य कोणत्या हिशेबाने म्हणावयाचे? आणि तो जगू शकला यात मराठ्यांच्या राज्यनीतीचेही भूषण आहे, हे आपल्याच इतिहासाचे अभिमानी कसे विसरतात, हे मला कळत नाही.

राहिला भाषेचा पुरावा. ‘नॉ लिंग’ची बहुसंख्य पदे पोर्तुगीज मुळाची आहेत, हे खरे. परंतु भाषा म्हणजे पदांची रास नव्हे, पदांची घडण होय. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसते ते असे की या बोलीच्या वाक्यात क्रियापद पोर्तुगीजाप्रमाणे मध्ये न येता मराठीप्रमाणे शेवटी येऊ लागले आहे, आणि तिच्या व्याकरणावर शेजारच्या मराठीचा खोल ठसा उमटला आहे. पोर्तुगीज शब्द वापरणे हाच परकेपणा मानावयाचा, तर पगार घेणारा, चावी फिरवणारा, बटाटा खाणारा, लिलावात बोली लावणारा आणि तुरुंगास भिणारा प्रत्येक मराठी माणूस त्या दोषास पात्र ठरेल. आणि अलिबागेच्या बाजारात हापूस मागणाऱ्यास तर क्षमाच नाही.

याच किनाऱ्यावरचा दुसरा दाखला पाहा. आपले पूर्वज गलबत फुटून अलिबागेजवळच्या नवगावास लागले, अशी बेने इस्राएल या यहुदी समाजाची परंपरा आहे; शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले, मराठी बोलले, मराठीत कीर्तने करू लागले, आणि त्यांना परके म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नीही आले नाही. समुद्रमार्गे आलेला एक धर्म आपला आणि दुसरा परका, हा भेद तत्त्वाचा नसून केवळ जुन्या रागाचा आहे.

परंतु मला विरोधकांइतकेच कौतुक करणाऱ्यांनाही उत्तर द्यावयाचे आहे. कोर्लईस येऊन ‘पोर्तुगालचा हा शेवटचा अवशेष’ म्हणून गहिवरणारे पाहुणे आणि ‘पोर्तुगालची ही शेवटची खूण’ म्हणून नाक मुरडणारे टीकाकार एकाच प्रमादात सापडले आहेत : दोघेही या माणसांचा इतिहास लिस्बनच्या दफ्तरातून वाचतात. कोर्लईचा माणूस कोणाचा अवशेष नाही. आषाढात तो चिखलात उभा राहून भाताची लावणी करतो, मुलांना मराठी शाळेत घालतो, आणि आपल्या देवाची आळवणी आपल्या बोलीत करतो.

म्हणून माझा सिद्धान्त असा की धर्माचे देशीपण तो कोणी आणला यावरून ठरत नाही. आणणारा निघून गेल्यावर तो कोणी व कोणत्या किमतीने राखला, यावरून ठरते. आणि राखणे म्हणजे नुसते जपून ठेवणे नव्हे. आपल्या भूमीला त्यातून काही परत देणेही त्यात येते. जन्माने इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने पुराणाचा घाट येथूनच घेतला व त्यात आपली श्रद्धा ओतली. त्यानंतर चार शतकांनी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूने त्या आसनावर बसू नये, असा गिल्ला काहींनी केला. पण ज्ञानोबा-तुकोबांवर जीव जडवलेल्या त्या माणसाचा अधिकार मराठी साहित्यिकांनी मान्य केला, आणि माझ्या मते पूर्वपक्षाचा निकाल त्याच मांडवात लागला.

शेष राहते ते आपले कर्तव्य. कोर्लईचा किल्ला पाहावयास येणाऱ्या मुलांना आपण तो कोणी बांधला, कोणी जिंकला व कोणत्या तहाने कोणाकडे गेला, हे सांगतो, आणि खाली उतरताना ज्यांच्या अंगणावरून जातो त्यांच्याविषयी मौन पाळतो. किल्ल्यावर कोणाचेच निशाण आज उरलेले नाही. पायथ्याची माणसे मात्र आहेत, आणि त्यांची बोली बोलणारी मुले दरवर्षी मराठीकडे अधिकाधिक वळत आहेत. ती बोली आहे तोवर तिची गाणी व गोष्टी टिपून घेणे, आणि तिला रायगड जिल्ह्याच्या इतिहासात रायगडचीच म्हणून जागा देणे, एवढे ऋण या किनाऱ्यावरील आपणा सर्वांवर आहे.