ब्राउझर चालला म्हणजे बॅकअप गेला असे नव्हे

आमच्या व्यापारी बांधवांच्या पेढ्यांवर एक तक्रार वारंवार ऐकू येते. संगणकावर इंटरनेट चालते, जीएसटीचे संकेतस्थळ उघडते, बँकही उघडते. परंतु हिशेबाचा रात्रीचा बॅकअप बाहेर जात नाही. दुरुस्तीवाला येतो, ब्राउझर उघडतो, "शेठ, नेट चालू आहे" म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. आमचे स्पष्ट मत आहे की, या तपासणीला कवडीची किंमत नाही. भिवंडी-मालेगावचा कापडाचा धंदा उधारीवर चालतो. हार्डडिस्क बसली आणि बॅकअप नसला, तर कोणाकडे किती येणे आहे हे कोण सांगणार?

कारण साधे आहे. पुष्कळ पेढ्यांत बाहेर जाण्याचा रस्ता एकाच प्रॉक्सीतून ठेवलेला असतो. प्रॉक्सी म्हणजे नाक्यावरचा नाकेदार. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये आपण त्याचा पत्ता लिहितो, तो सहसा संगणकाच्या नावे नव्हे तर लॉगिन केलेल्या माणसाच्या नावे जमा होतो. बॅकअपचे सॉफ्टवेअर मात्र रात्री कोणी बसलेले नसतानाही चालावे म्हणून बहुधा 'लोकल सिस्टम' या खात्यावर चालते. हा निराळा गुमास्ता. शेठच्या गल्ल्यातली चिठ्ठी त्याने पाहिलेलीच नसते. तो सरळ बाहेर जाऊ पाहतो आणि अडतो.

म्हणून आधी सर्व्हिसेसच्या यादीत 'लॉग ऑन ॲज' हा रकाना पाहावा. खाते तेथे लिहिलेले असते. मग कमांड प्रॉम्प्टवर 'नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' ही ओळ द्यावी. (आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना ही इंग्रजी जड जाते, पण ओळ एकच आहे, मुलाकडून लिहून घ्यावी.) उत्तरात 'डायरेक्ट ॲक्सेस' आले, तर विनएचटीटीपीच्या मार्गाने जाणाऱ्या सर्व्हिसला नाका ठाऊक नाही. प्रशासकाच्या अधिकाराने 'सेट प्रॉक्सी' करून पत्ता व पोर्ट द्यावा आणि सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करावी.

एवढ्याने प्रत्येक वेळी भागत नाही. काही सॉफ्टवेअर त्या खात्याच्या स्वतःच्या इंटरनेट सेटिंग्ज वाचतात, काही फक्त आपल्या कॉन्फिग फाइलमधला पत्ता मानतात. आपले कोणत्या जातीचे, हे विकणाऱ्यानेच सांगितले पाहिजे. तो सांगत नसेल तर वार्षिक देखभालीचे पैसे कशाचे घेतो?

नोंदवहीत ४०७ हा आकडा दिसला, तर गुमास्ता नाक्यापर्यंत पोहोचला आहे, पण नाकेदार ओळख मागतो आहे. येथे कारागीर हमखास सोपा उपाय सुचवतात: सर्व्हिस शेठच्याच लॉगिनवर चालवा. आमचा याला विरोध आहे. शेठने पासवर्ड बदलला की सर्व्हिस पुढच्या वेळी सुरूच होत नाही, आणि शेठचे सारे अधिकार एका सॉफ्टवेअरच्या हाती जातात ते वेगळेच. त्यापेक्षा त्या एका संगणकाला, बॅकअपच्या तेवढ्याच पत्त्यांसाठी, प्रॉक्सीवर विनापासवर्ड वाट द्यावी. सर्वांसाठी नाकाच उठवून टाकणे हाही इलाज नव्हे.

तपासणीसुद्धा त्याच खात्यावरून व्हावी. मायक्रोसॉफ्टचे 'पीएसएक्झेक' हे मोफत साधन 'एस' या खुणेसह चालवले की सिस्टम खात्याची खिडकी उघडते. दुरुस्तीवाल्याने त्या खिडकीतून जोडणी दाखवावी, आणि मजुरी दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीच्या बॅकअपची नोंद पाहूनच द्यावी.