झाकली मूठ किती झाकायची?

संक्रांत २०२४ ची गोष्ट. आमच्या आळीतल्या एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. ओटीत वाण पडलं, हातावर तिळगूळ आला आणि पाठोपाठ प्रश्नही आला, ‘‘अगोबाई, केवढी वाळलीस गं! करतेस तरी काय?’’

झालं, सतरंजीवरच्या पंधरा-वीस बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी हसले आणि ठरलेलं उत्तर दिलं, ‘‘काही नाही हो, सकाळी लिंबू-मध-पाणी, भाट्यापर्यंत चालणं आणि रात्रीचं जेवण बंद.’’ दोघीतिघींनी ते मनात टिपून घेतलं. एकीने तर ‘‘किती मध?’’ असंही विचारलं. मी म्हटलं, एक चमचा.

मैत्रिणींनो, त्यातलं चालणं तेवढं खरं होतं. बाकीचं असं की, आदल्या वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, आंब्याची गडबड संपल्यावर मी मुंबईला जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. उंची पाच फूट एक इंच आणि वजन १०६ किलो. मधुमेह जडलेला, गुडघे बोलायला लागलेले, रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. वीस वर्षं सगळी डाएटं करून झाली होती. प्रत्येक वेळी आठ किलो उतरायचं आणि दहा किलो चढायचं. दुर्बिणीतून जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी तेवढी शिल्लक ठेवतात. भूकही कमी होते आणि मावतंही कमी.

ऑपरेशनपेक्षा मला जास्त धास्ती कशाची होती सांगू? लोक काय म्हणतील याची. ‘‘खाणं आवरत नाही म्हणून पोट कापून घेतलं,’’ ‘‘पैसे उतू चाललेत,’’ ‘‘या वयात कोणाला दाखवायचंय?’’ ही वाक्यं मला कोणी म्हणायच्या आधीच ऐकू येत होती. त्यातून मी बचत गटांच्या बैठकांत आहाराबद्दल बोलणारी! म्हणून आम्ही नवराबायकोने ठरवलं, पित्ताशयातले खडे काढले असं सांगायचं. सासूबाईंनाही तेच सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकून ठेवायची म्हणजे किती जणांचे हात गुंतवावे लागतात, ते तेव्हा कळलं नाही. लेक बारावीत. तिला म्हटलं, आजीला खड्यांचंच सांग. ती म्हणाली, ‘‘आई, खोटं बोललं की तूच ओरडायचीस ना?’’ मला उत्तर सुचलं नाही.

पुढे गणपती आले. आमच्याकडे मुंबईची मंडळी धरून पंचवीस पानं. मी एका मोदकावर थांबले तर जाऊबाईंनी दुसरा वाढला, वर तुपाची धार सोडली आणि ‘‘खड्यांचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले की, आता काय!’’ म्हणून तिसरा. आग्रह मोडवेना. दुसरा संपता संपता घाम फुटला, पोटात कळ आली, मागच्या पडवीत जाऊन उलटी झाली. पंगतीत कुजबुज सुरू झाली. सासूबाई मागून आल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘खरं काय ते सांग. मी चार बाळंतपणं आणि दोन ऑपरेशनं काढलेली बाई आहे.’’

मी सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या आत गेल्या, कपाटातून नातीच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढून आणली. ‘‘हिच्यात मावेल तेवढंच घेत जा. वाढणारणींना मी बघते.’’ ज्यांच्यापासून लपवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यांनीच माझं ओझं हलकं केलं. जेवताना पाणी प्यायचं नाही, घास बारीक चावायचा, गोड जपून खायचं हे सगळं आता त्याच सांभाळतात.

दुसरा धक्का डॉक्टरांकडचा. गुडघा दुखतो म्हणून गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले. ‘‘आधी काही ऑपरेशन?’’ त्यांनी विचारलं. तोंडाला सवय झालेली, ‘‘पित्ताशय काढलंय,’’ म्हणाले. त्यांनी दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या. घरी येऊन मुंबईची फाइल उघडली तर तिच्यात ठळक लिहिलेलं, या जातीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, उरलेल्या जठराला अल्सर होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी शरमेने परत गेले. चूक त्यांची नव्हती, सर्वस्वी माझीच होती.

तेव्हापासून माझा हिशेब पक्का झाला. काही जणांना सांगणं ही आपली मर्जी नाही, गरज आहे. पहिले डॉक्टर. सगळे डॉक्टर, दातांचेसुद्धा. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि तपासण्या आता जन्मभराच्या आहेत. दुसरी विमा कंपनी. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा ३५ वा त्याहून अधिक असून अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर आजार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली ही शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. तिथे लपवाछपवी केली तर पुढचे दावेही अडचणीत येतील. आणि तिसरी, घरात आपलं ताट वाढणारी माणसं.

मध्यंतरी एका ओळखीच्या बाईंनी हळूच विचारलं, ‘‘लेकीचं हे ऑपरेशन झालंय. स्थळ आलंय. सांगावं का?’’ माझं मत स्पष्ट आहे. मध्यस्थाला नको, बैठकीतल्या चाळीस माणसांना नको, पण त्या मुलाला लेकीने स्वतः सांगावं. ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नयेत असं डॉक्टर सांगतात. वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यताही वाढते. ‘पुढच्या वर्षी पाळणा हलू दे’ म्हणणाऱ्या घरात ही गोष्ट एकटीने पोटात ठेवणं फार अवघड. आणि ऐकून जो मागे फिरेल, तो आधीच फिरलेला बरा.

बाकीच्या जगाचं काय? नितीन गडकरींनी २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. पेपरात बातम्या आल्या. २०२२ च्या फेब्रुवारीत उज्जैनला भर व्यासपीठावरून त्यांनी सांगितलं की आपलं वजन पूर्वी १३५ किलो होतं, आता ९३ आहे. टाळ्या पडल्या. पुरुषाने केलं की तब्येतीची काळजी, बाईने केलं की नटवेपणा, असं का? उलट २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईला उपचारांसाठी आली, तेव्हा तिचं वजन, तिचा पलंग, डॉक्टर आणि तिच्या बहिणीमधला वाद, सगळं रोज टीव्हीवर दिसत होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती अबूधाबीत गेली. माझ्या मनात येतं, तिच्या आजारपणाला थोडा तरी आडोसा मिळायला हवा होता. म्हणून मी म्हणते, आपल्या शरीराची गोष्ट गावभर सांगायची सक्ती कोणावर नाही. ती सांगणं हा काही शूरपणाचा दाखला नाही आणि न सांगणं हा गुन्हाही नाही.

मग माझं चुकलं कुठे? त्या संक्रांतीच्या सतरंजीवर.

मध किती, असं विचारणारी आमच्याच गटातली. तिलाही मधुमेह, वजनही माझ्यासारखंच. तिने माझं ऐकून रात्रीचं जेवण सोडलं, साखरेच्या गोळ्या मात्र चालूच ठेवल्या. महिन्याभरात एका पहाटे घामाने भिजून मोरीत पडली. साखर खाली गेली होती. वेळेवर दवाखान्यात नेली म्हणून निभावलं. भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, ‘‘ताई, तुमच्यासारखा निग्रह नाही हो माझ्यात.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी गप्प राहिले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं. मी गप्प राहिले नाही, खोटा सल्ला दिला. न सांगणं आणि खोटं सांगणं यांत किती अंतर आहे, ते तिच्या खाटेपाशी कळलं.

ती घरी आल्यावर एका दुपारी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ऑपरेशन, त्याचा खर्च, गळलेले केस, मोदकाची उलटी, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे माझ्यात काही कमी नव्हतं तर.’’ रागावली असती तर बरं वाटलं असतं. आता ती डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधं आणि आहार सांभाळते. ऑपरेशन करायचं की नाही, ते तिचं ती ठरवील. पण निदान खरी माहिती हातात घेऊन ठरवील.

हल्ली हळदीकुंकवाला प्रश्न बदललाय. २०२५ मध्ये वजनाची नवी इंजेक्शनं आपल्याकडे आल्यापासून ‘‘तू ते इंजेक्शन घेतलंस का गं?’’ असं विचारतात. माझं उत्तर आता एकच असतं, ‘‘तब्येतीचं कारण होतं, डॉक्टरांकडून उपचार घेतले. लिंबू-मधाने झालेलं नाही हे.’’ तेवढ्यावर जिचं समाधान होतं, तिचं होऊ दे. जिला खरंच गरज असते, ती नंतर एकटी घरी येते. तिला मी चहा करून देते, आणि त्या चांदीच्या वाटीपासून सुरुवात करते.