तबकडी की डाऊनलोड? व्हिडिओ गेमच्या मालकीचा पेच

व्हिडिओ गेम घेताना तबकडी विकत घ्यावी की तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा, हा प्रश्न काही वर्षांपूर्वीपर्यंत केवळ सोयीचा मानला जात असे. आता तो मालकी हक्काचा प्रश्न बनला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला प्रत्यक्षात केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्टपणे सांगितल्याखेरीज विक्रेत्याला 'खरेदी करा' असे शब्द वापरता येत नाहीत. एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय कायमचे वापरता येणारे गेम या कायद्यातून वगळण्यात आले आहेत. रोजच्या वापरातल्या एका क्रियापदावर विधिमंडळाला निर्बंध घालावे लागले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

या कायद्याच्या काही महिने आधी घडलेल्या एका घटनेने जगभरच्या खेळाडूंना अस्वस्थ केले होते. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा मोटार शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आला. अमेरिकेच्या संक्षिप्त नकाशावर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडी हाकण्याची मुभा, हे त्याचे वैशिष्ट्य होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली आणि ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशी जोडलेला असल्यामुळे संपूर्ण गेम निकामी झाला. ज्यांनी तो नुकताच घेतला होता, त्यांना पैसे परत देण्याची तयारी कंपनीने दाखवली. अनेक वर्षे तो खेळत आलेल्यांच्या पदरी मात्र काहीच पडले नाही.

विशेष म्हणजे, ज्यांच्याकडे या गेमची तबकडी होती, त्यांचीही यातून सुटका झाली नाही. तबकडी घेतली की गेम आपला झाला, या सर्वसाधारण समजुतीला या प्रकरणाने तडा दिला.

ही समजूत निराधार होती असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये एका कादंबरीच्या प्रकरणात, प्रकाशकाने पुस्तकात छापलेली किमान किमतीची अट फेरविक्री करणाऱ्या दुकानदारावर बंधनकारक नसल्याचा निर्वाळा दिला होता. एकदा प्रत विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा अधिकार उरत नाही, हे तत्त्व त्यातून रुजले. जुन्या पुस्तकांप्रमाणे जुन्या गेमचा बाजारही याच तत्त्वावर उभा राहिला. भारतातही टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये, तबकडीवर विकली जाणारी तयार संगणक प्रणाली ही 'वस्तू' असल्याचे मान्य केले. तो वाद विक्रीकराचा होता, तरीही हातात घेता येणाऱ्या प्रतीला कायदा कसे पाहतो, हे त्यातून दिसते.

डाऊनलोडची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रत ग्राहकाच्या खात्याला बांधलेली असते आणि खाते कंपनीच्या अटींना. पॅरिसमधील एका न्यायालयाने २०१९ मध्ये, स्टीम या सेवेवरील गेम पुन्हा विकण्याची मुभा ग्राहकांना असावी, असा कौल दिला होता. परंतु २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फिरवला.

दरम्यान, तबकडीही पूर्वीची राहिलेली नाही. प्लेस्टेशन ५ साठी वापरल्या जाणाऱ्या तबकडीची क्षमता १०० जीबीपर्यंत असते आणि अनेक मोठे गेम ही मर्यादा ओलांडतात. प्रकाशनाच्या दिवशीच दुरुस्त्यांसाठी मोठे डाऊनलोड करावे लागणे आता नेहमीचे झाले आहे. निन्टेन्डोने जून २०२५ मध्ये आणलेल्या स्विच २ या यंत्राच्या काही कार्डांवर तर गेम नसतोच. गेम उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. अशी कार्डे पुन्हा विकता येतात, ही त्यातली जमेची बाजू. सोनीने २०२३ मध्ये आणलेल्या प्लेस्टेशन ५ च्या सडपातळ आवृत्तीला तबकडीचा खण वेगळा जोडता येतो, पण तो प्रथम जोडताना इंटरनेट लागते. तबकडीसाठी इंटरनेट हवे, हा विरोधाभास ग्राहकांच्या नजरेतून सुटलेला नाही.

भारतीय ग्राहकापुढील हिशेब अधिक व्यावहारिक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला, तेव्हा तबकडी चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये, तर केवळ डाऊनलोडवर चालणाऱ्या यंत्राची ३९,९९० रुपये होती. सोनीच्या प्रमुख नव्या गेमसाठी ४,९९९ रुपये मोजावे लागत. खेळून झालेली एक तबकडी दोन हजार रुपयांना विकली गेली, तरी पाच गेममध्ये यंत्रावरचा दहा हजारांचा जादा खर्च भरून निघतो. दिल्लीच्या पालिका बाजारासारख्या ठिकाणी जाणाऱ्या तरुणांना हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. दुसरीकडे, १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएस वेगाच्या जोडणीवर सव्वादोन तासांत उतरतो. पण ज्या घरात दिवसाला २ जीबीच्या मोबाईल पॅकवरच सारे भागवायचे असते, तेथे त्याच गेमला ५० दिवस लागतील. लहान गावातल्या खेळाडूला तबकडी हवीशी वाटते, ती केवळ जुन्या सवयीमुळे नव्हे.

दुकानेच बंद होण्याचा धोका तर आहेच. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांसाठीची ऑनलाईन विक्री थांबवली. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चे दुकान बंद केले. सोनीनेही २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हिटाची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले होते. ग्राहकांच्या रोषानंतर काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घेण्यात आला. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय या कंपन्यांनी ठेवली, पण ती किती काळ राहील हे ग्राहकाच्या हाती नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. तरीही ग्रंथालयांनी असे गेम संशोधकांना दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून द्यावेत, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली.

'द क्रू' बंद पडल्यानंतर सुरू झालेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेने युरोपीय संघाकडे केलेल्या नागरी निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. विक्री थांबवा, सर्व्हरही बंद करा, पण विकलेला गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडा, एवढीच तिची मागणी आहे. खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षितता राखता येणार नाही आणि अशा सक्तीमुळे ऑनलाईन गेमचा खर्च वाढेल, असे उद्योगाच्या युरोपीय संघटनेचे म्हणणे आहे. शेकडो खेळाडू एकाच वेळी खेळतात अशा गेमबाबत या युक्तिवादात तथ्य आहे. एकट्याने खेळायच्या भागाला मात्र तो लागू करणे कठीण.

युबीसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये 'द क्रू २' आणि 'द क्रू मोटरफेस्ट' या पुढच्या दोन गेमसाठी इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय देण्याचे जाहीर केले. पहिल्या गेमचा त्या घोषणेत समावेश नव्हता.