अंथरूण पाहावे कसे?

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपली जुनी माणसे सांगत आली. त्यांच्या वेळी अंथरुणात पाहण्यासारखे फारसे नव्हते. घरच्या पऱ्हाटीच्या कापसाची गादी, जुन्या लुगड्यांची गोधडी आणि सुंभाने विणलेली बाज, एवढ्यावर सगळ्या घराची रात्र जाई. आता तसे राहिले नाही. सोयाबीनचे पैसे हातात येऊन दिवाळी तोंडावर आली, की वाशीम, कारंजा, रिसोडच्या दुकानांतून गुबगुबीत गाद्या दाराशी उभ्या दिसतात. एकीवर 'मेमरी फोम' लिहिलेले, दुसरीवर 'पॉकेट स्प्रिंग'. किंमत ऐकून माणूस दुकानाच्या पायऱ्या उतरतो आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाची कंबर आठवून पुन्हा वळून पाहतो.

मानोरा तालुक्यातील एका भगिनीने याच संबंधात विचारले आहे. सासूबाईंचे वय सत्तरीकडे झुकलेले. सारा जन्म निंदण-वेचणीत वाकून गेला, आता सकाळी उठताना कंबर धरते. पुण्याला नोकरीस असलेले दीर म्हणतात, मेमरी फोम घ्या. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, पॉकेट स्प्रिंगशिवाय दुसरे पाहू नका. मामंजी म्हणतात, लग्नातली गादी माळ्यावर आहे, ती पिंजून आणा आणि पैसे पेरणीला ठेवा. तिघांत खरे कोणाचे?

तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे आहे. पण नावापेक्षा काम पाहावे, म्हणून आधी गादीचे काम काय, ते समजून घेऊ.

पाठीला काय हवे?

माणूस कुशीवर निजला, की खांदा आणि कुल्ला ही जड ठिकाणे खाली जातात आणि कंबर अधांतरी राहते. गादी फार कठीण असेल तर खांद्याला नि कुल्ल्याला रग लागते आणि कंबरेखाली पोकळी राहते. फार मऊ असेल तर कुल्ला खोल जाऊन कणा वाकतो आणि रात्रभर वाकलेलाच राहतो. जू बैलाच्या मानेवर नीट बसले नाही तर ओझे तेवढेच असून मान सोलते, तसेच हे आहे. जड भाग बेताने खाली जावा, कंबरेला खालून आधार मिळावा आणि कणा सरळ राहावा, एवढेच गादीकडून मागायचे.

कंबर दुखली की फळीवर निजा, असे पूर्वी सर्रास सांगत. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर याची पारख झाली आणि २००३ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. काहींना कठीण गाद्या दिल्या, काहींना मध्यम कठीण. तीन महिन्यांनी मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झालेला दिसला. म्हणजे फळीही नको आणि लोण्यासारखी मऊ गादीही नको.

मेमरी फोम

हा फोम १९६६ साली अमेरिकेतील 'नासा' या संस्थेसाठी विमानातील आसनांकरिता निघाला. तो अंगाच्या उष्णतेने आणि वजनाने हळूहळू दबतो, अंगाचा आकार धरतो आणि उठल्यावर सावकाश मूळ रूपावर येतो. त्यामुळे वजन एका ठिकाणी न पडता पसरते. खांदा, कुल्ला, टाच यांना रग कमी लागते. शेजारचा माणूस कुशीवर वळला तरी आपल्याला धक्का बसत नाही. हे त्याचे गुण खरेच आहेत.

पण जो गुण उष्णतेने येतो, तोच आपल्या मुलखात अवगुणही होतो. मेमरी फोम गरमीत मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. टिनाच्या छताखाली, त्यात वीज गेलेली, अशा वेळी ही गादी अधिक खोल जाते आणि अंगाची गरमी अडवून धरते. घाम सुकत नाही. शिवाय अंग त्यात रुतल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला कूस बदलायला आणि उठून बसायला जोर लागतो. तान्ह्या बाळाला तर अशा मऊ फोमवर कधीच निजवू नये. बाळ पालथे झाले तर नाक-तोंड दबते.

पॉकेट स्प्रिंग

जुन्या स्प्रिंगच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जखडलेल्या असत. एक दबली की शेजारच्या चार दबत आणि काही वर्षांत मधोमध झोळ पडे. १९०० सालच्या सुमारास कॅनडातील जेम्स मार्शल यांनी प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत घालण्याची युक्ती काढली. हीच पॉकेट स्प्रिंग. यात प्रत्येक स्प्रिंग आपापल्या वजनापुरती दबते. कुल्ल्याखालची जास्त, कंबरेखालची कमी. म्हणून आधार चांगला मिळतो. स्प्रिंगांमधून हवा खेळते, उन्हाळ्यात ही गादी त्यातल्या त्यात थंड राहते. ती अंगाला वर लोटते, त्यामुळे उठायला सोपे जाते.

तिचे दुखणे वेगळे आहे. स्प्रिंगा पोलादाच्या असल्या तरी त्यांच्यावर फोमचाच थर असतो आणि खड्डा बहुधा आधी त्या थरात पडतो. स्प्रिंग शाबूत आणि वरचा फोम बसलेला, अशी गत होते. गादी वजनाने भारी, घडी होत नाही, अंगणात नेता येत नाही. पावसाचे पाणी आत गेले तर कापड कुजते आणि तार गंजते. धान्याच्या पोत्यांजवळ ठेवली तर उंदरांना आयते घर मिळते.

टिकण्याचा हिशेब

चांगल्या फोमची किंवा चांगल्या स्प्रिंगची गादी साधारण सात ते दहा वर्षे नीट आधार देते. हलकी गादी दोन-तीन वर्षांतच बसते. मग भारी आणि हलकी ओळखायची कशी? शेतकऱ्याला वजनकाटा नवा नाही, तोच इथे कामी येतो. फोमचा कस त्याच्या घनतेवर, म्हणजे एका घनमीटरला किती किलो भरतो यावर असतो. खालच्या आधाराचा साधा फोम ३२ ते ४० किलोचा असावा, वरचा मेमरी फोम ५० किलोच्या आसपास. आता ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ६ इंच जाड गादी म्हणजे ९ घनफूट, अर्थात घनमीटरचा चौथा हिस्सा. ४० किलो घनतेच्या फोमची अशी गादी १० किलो भरली पाहिजे. दुकानदार ४० सांगतो आणि गादी खोळीसकट सहा-सात किलोच भरते, तर पाणी कुठे मुरते ते ध्यानात घ्यावे. स्प्रिंगच्या गादीला हा हिशेब लागू नाही. तिथे स्प्रिंगा किती, तार किती जाड आणि वरच्या फोमची घनता किती, हे बिलावर लिहून मागावे.

आणखी एक गोष्ट. फोमची किंवा स्प्रिंगची गादी एकदा बसली की बसली. तिला कोणी नवे करून देत नाही. तारा भंगारात जातात, फोमला गिऱ्हाईक नाही. तो जाळून टाकावा म्हणाल तर त्याचा धूर विषारी असतो. याच कारणाने फोमच्या गादीवर बिडी ओढू नये आणि तिच्याजवळ चिमणी किंवा मच्छर अगरबत्ती जळती ठेवू नये.

मामंजींची गादी

आता माळ्यावरच्या गादीकडे वळू. आपला मुलूख कापसाचा. १८८६ साली देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ आपल्या कारंजाला कापसासाठीच उभी राहिली. पुढे सोयाबीन आले, कपाशी मागे हटली, तरी घरोघर कापसाच्या गाद्या आहेत.

कापसाचा स्वभाव असा, की तो हवेतली ओल पितो. १०० किलो कोरडा कापूस साधारण हवामानात आठ-साडेआठ किलो पाणी धरतो. त्यात रात्रीच्या घामाची भर. ओल आणि वजन मिळून तंतू एकमेकांत गुंततात, गोळे होतात, गादी दगड बनते. उन्हात टाकली की ओल जाते आणि ती थोडी फुलते. पिंजली की गुंता सुटतो आणि तंतू पुन्हा उभे राहतात. पूर्वी पिंजारी धनुकली खांद्यावर घेऊन गावात येत आणि तातीच्या आवाजाने गल्लीतली पोरे गोळा होत. आता बहुतेक ठिकाणी यंत्रावर पिंजतात. काम तेच. दर पिंजणीत थोडा कापूस धुळीत जातो, म्हणून किलो-दोन किलो नवा घालावा लागतो. आखूड आणि जाडसर तंतूचा देशी कापूस गादीला उत्तम, कारण तो लवकर दबत नाही. लांब तंतूचा कापूस सुताला चांगला, पण गादीत लौकर बसतो. पिंजताना समोर उभे राहून आपलाच कापूस परत भरला जातो ना, ते पाहावे, आणि नाकातोंडाला फडके बांधावे. कापसाची धूळ छातीला वाईट.

भरलेली गादी टाके घालून घ्यावी. टाके नसले तर कापूस सरकतो आणि मधली जागा रिकामी होते. महिन्यातून एकदा ऊन द्यावे आणि दर वेळी डोक्याकडची बाजू पायाकडे करावी. कापसाला ऊन मानवते. फोमला मात्र उन्हात टाकू नये. उन्हाने फोम पिवळा पडतो आणि त्याचा चुरा होतो. त्याला सावलीत वारा द्यावा.

म्हणजे टिकाऊपणात मामंजींची गादी दोघींना भारी आहे, कारण ती पुन्हा पुन्हा नवी होते. आधारात मात्र ती पिंजल्यावर काही महिने चांगली आणि नंतर कठीण होत जाते. दर दोन-तीन वर्षांनी पिंजायची तयारी असेल, तरच तिची बाजू घ्यावी.

खालचा पाया

पुष्कळांची खरी चूक गादीत नसून गादीखाली असते. झोळ पडलेल्या बाजेवर कितीही महागाची गादी टाका, ती त्या झोळातच बसणार आणि कणा वाकणारच. फोम आणि स्प्रिंग, दोन्हींना सपाट आणि न लवणारा पाया लागतो. दिवाणाच्या लोखंडी पट्ट्या फार अंतरावर असतील तर वर प्लायवूडची फळी टाकावी. तिला भोके पाडावीत, म्हणजे खालून वारा लागेल. बाजच वापरायची असेल तर तिची दोरी ओढून घट्ट करावी आणि वर कापसाचीच गादी घालावी. कधी कधी कंबरदुखी नवी गादी मागत नाही, नीट ताणलेली बाज मागते.

तर मग घ्यावे काय?

त्या भगिनीस आमचे सांगणे असे. आधी बाज ताणून घ्या किंवा दिवाणावर फळी टाका. माळ्यावरची गादी पिंजून, टाके घालून त्यावर घाला आणि महिनाभर सासूबाईंना निजू द्या. खर्च थोडा आहे आणि तो वाया जाणारा नाही. एवढ्याने कंबर मोकळी झाली तर पैसे पेरणीला राहिले. न झाली आणि घरात पैसा असला, तर आपल्या हवेत, उतारवयाच्या माणसासाठी, मध्यम कठीण पॉकेट स्प्रिंग बरी. तिच्यावर वरचा फोम पातळ पण चांगल्या घनतेचा असावा. मेमरी फोम अशा माणसाला मानवतो, जो फार हालचाल करीत नाही, ज्याच्या हाडांना रग लागते आणि ज्याची खोली थंड असते. पुण्याच्या दिरांना तो मानवला असेल, म्हणून मानोऱ्याच्या उन्हाळ्यात मानवेलच असे नाही. हप्त्यावर घ्यायची झाली तर सगळ्या हप्त्यांची बेरीज करून पाहावी आणि मगच सही करावी.

पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, ताप येत असेल किंवा पडल्यापासून दुखणे लागले असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. गादी आधार देते, औषध देत नाही.

दुकानात जाताना पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे. किती खोल खड्डा पडला म्हणजे दोष धरणार, गादी बदलून देताना वाहतूक कोणाकडे, डाग पडला तर हमी राहते का, हे आधीच वाचून घ्यावे. कोणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेही जाता येते.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. गादी जिच्यासाठी घ्यायची तिला घरी ठेवून घरातली पुरुषमंडळी दुकानात जातात, मुठीने गादी दाबतात आणि सौदा करून येतात. मुठीला कंबर नसते. सासूबाईंना बरोबर न्या. त्या संकोचतील, चारचौघांत आडवे कसे व्हायचे म्हणतील. खुशाल होऊ द्या. दहा-पंधरा मिनिटे कुशीवर निजवा, कंबरेखाली हात घालून पोकळी राहते का पाहा, आणि आधाराशिवाय उठता येते का, ते त्यांनाच विचारा. जन्मभर साऱ्या घराची अंथरुणे त्यांनी घातली. स्वतःचे एक अंथरूण निवडण्याचा मान त्यांचाच आहे.