हिरवळीवरचे पट्टे

विलायतेतला क्रिकेटचा सामना टीव्हीवर लागला की मुलांना हमखास एक प्रश्न पडतो. मैदानावर एक पट्टा गडद हिरवा आणि त्याला लागून दुसरा फिकट, हे कसे? रंग मारतात का? की दोन जातींचे गवत लावतात?

गवत एकच, खतपाणीही एकच. फरक असतो तो पाती कोणत्या बाजूला झुकली आहेत याचा. आपल्यापासून पलीकडे झुकलेली पाती उजेड जास्त परतवतात, म्हणून तो पट्टा फिकट दिसतो. आपल्याकडे झुकलेल्या पात्यांची टोके आणि सावल्या दिसतात, म्हणून तो गडद. मखमलीवरून हात उलटसुलट फिरवून पाहा, हेच दिसेल.

गंमत म्हणजे गवत कापायचे यंत्र कापडाच्या गिरणीतूनच आले. इंग्लंडमधील स्ट्राउड भागातल्या एडविन बडिंग यांना लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून ते सुचले. १८३० साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले.

तिकडे हौशी माणसे घरापुढच्या हिरवळीवरही असे पट्टे काढतात. यंत्रामागचा जड रूळ पाती झुकवत जातो. आधी कडेकडेने एक-दोन फेऱ्या मारायच्या, म्हणजे वळायला जागा होते. मग नजर पायाकडे न ठेवता समोरच्या झाडावर किंवा खांबावर ठेवून सरळ जायचे आणि शेजारून उलट दिशेने परत यायचे. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापायचा. पुढच्या खेपेला दिशा बदलायची, नाहीतर गवत एकाच अंगाला कलते आणि जमिनीत चाकोरी पडते.

आपल्याकडची हरळी ताठ, आखूड. तिच्यावर पट्टे तितके खुलत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढाताण असताना हिरवळ कोण भिजवणार? पण या पट्ट्यांतली एक गोष्ट घरात आणण्याजोगी आहे.

पट्ट्यांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा. मघाचा गडद पट्टा आता फिकट दिसतो आणि फिकट होता तो गडद. दोन टोकांना उभी असलेली दोन माणसे भांडू लागली, तर खोटे कोणीच बोलत नसते.

नवी सून भाजीत मीठ किती घालू, हेही विचारते. सासूला वाटते, हिला काहीच येत नाही. सुनेला वाटते, मी या घराच्या रीतीचा मान ठेवते आहे. गोष्ट एकच आहे. महिनोन्‌महिने दोघी आपापल्या टोकाला उभ्या राहतात आणि मधल्यामध्ये मुलाची ओढाताण होते.

या महिन्याचा गृहपाठ मोठ्यांसाठी आहे. घरात ज्याच्याशी अबोला आहे, त्याला एवढेच विचारा, “तुला हे तिथून कसे दिसते?” आणि उत्तर पुरे होईपर्यंत मधे बोलू नका.