अंगठा जुळला म्हणजे माणूस पटला?

कामोठ्यात भाड्याने राहणाऱ्यांना हे सवयीचं आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ठरला की एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो. मालक, भाडेकरू, साक्षीदार अंगठा लावतात, तो ‘आधार’शी जुळतो आणि दस्त नोंदणीला जातो. अंगठा जुळला, म्हणजे तोतयाला वाव उरला नाही, असंच सगळे धरून चालतात.

हे गृहीतक टिकत नाही. मशीन माणूस ओळखत नाही. काचेवरच्या रेषा साठवलेल्या नमुन्याशी पुरेशा जुळतात का, एवढंच तपासलं जातं. त्या रेषा आणल्या कुणी, हे त्याला कळेलच असं नाही. २००२ मध्ये जपानी संशोधक त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनच्या बोटांनी ११ प्रकारची यंत्रं चकवून दाखवली. ही युक्ती प्रयोगशाळेत थांबली नाही. २०१७ मध्ये कानपूरला आधार ऑपरेटरांचे नकली ठसे वापरणारी टोळी पकडली गेली. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठे संकेतस्थळावरून उचलले, त्यांचे ठसे बनवले आणि परक्यांच्या नावावर सिमकार्डं सुरू केली. म्हणजे ज्या दस्ताने व्यवहार सुरक्षित करायचा, त्यानेच अंगठा चोराच्या हाती दिला.

मग बायोमेट्रिक मोडीतच काढा, असं म्हणणाऱ्यांचंही पटत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातून उघडकीला आलेलं स्पर्धा परीक्षांमधलं डमी उमेदवारांचं प्रकरण आठवावं. नुसतं प्रवेशपत्र आणि पर्यवेक्षकाची नजर तोतयाला रोखायला अपुरी पडते. परीक्षेला बसलेल्याचा ठसा नोकरीवर रुजू होणाऱ्याच्या ठशाशी ताडला, तर बदललेला माणूस सापडण्याची शक्यता कितीतरी वाढते. तिथे ठसा अधिकाऱ्यासमोर घेतला जातो, हे महत्त्वाचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणानेही बोट जिवंत आहे का, हे ताडणारी नवी तपासणी आणली.

खरा धोका आहे तो अंगठ्यावर एकट्याने सगळा भार टाकण्यात. बँक मित्राकडे आधारवरून पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा पुरतो. पिन लागत नाही. मोलमजुरीने रेषा झिजलेल्या खऱ्या खातेदाराला तेच मशीन परत पाठवतं. म्हणून पैशाच्या व्यवहाराला दुसरा पुरावा हवाच, आणि सार्वजनिक दस्तांवरचे ठसे झाकलेच पाहिजेत. फसवणूक झाल्यास व्यवहार खातेदारानेच केला, हे बँकेने सिद्ध करावं. अंगठा जुळल्याची नोंद त्याला पुरेशी मानू नये. तोवर कामोठेकरांनी आधारच्या ॲपवरून आपलं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं आणि कराराच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडावं.